यादी चोरासाठी नसते

हा वाद दर काही वर्षांनी नव्याने उकरून काढला जातो आणि दर वेळी त्याच दोन वाक्यांवर येऊन अडकतो. एक बाजू म्हणते, "आम्ही काय चोर आहोत का, प्रत्येक पोशनचा हिशेब द्यायला?" दुसरी म्हणते, "लपवण्यासारखं काही नसेल, तर दाखवायला काय जातं?" पाथफाइंडर सोसायटीसारख्या संघटित रोलप्लेइंग मोहिमांमध्ये कॅरेक्टरजवळच्या, म्हणजे खेळाडू जे पात्र वठवतो त्याच्याजवळच्या, वस्तूंची (पोशन म्हणजे जादूच्या औषधासकट) लेखी यादी सक्तीची असावी की नसावी, एवढाच खरं तर प्रश्न. पण तो निघाला की पाच मिनिटांत चर्चा खेळाडूंच्या चारित्र्यावर घसरते. दोन्ही बाजूंनी न बोलता एक गोष्ट मान्य करून टाकलेली असते: यादी म्हणजे पोलिसी हत्यार. एकाला ते हवं असतं, दुसऱ्याला नको असतं. मला हे गृहीतकच चुकीचं वाटतं. यादी हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. पण ती चोर पकडायला नको आहे, एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांना एका टेबलावर बरोबरीने खेळता यावं म्हणून हवी आहे. आणि त्या कामाला पुरेल इतकीच हवी. आज बऱ्याच ठिकाणी ती गरजेपेक्षा जाड झाली आहे, हेही तितकंच खरं.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ मध्ये आला, तो मुळात घरचा खेळ. गोष्ट चालवणारा जीएम (गेम मास्टर) एकच, मित्र तेच, आणि ज्वाळांची तलवार कुणाकडे आहे हे सगळ्यांना पाठ. अशा टेबलावर यादीची सक्ती कुणी करायला लागला तर मीच त्याला चहा करायला पाठवीन. संघटित मोहिमेत मात्र कॅरेक्टर तुमचं असतं आणि टेबल दर वेळी परकं. आज इंडियानापोलिसच्या जेन कॉन या खेळमेळ्यात, पुढच्या महिन्यात एखाद्या दुकानाच्या मागच्या खोलीत, त्यानंतर पुण्यात घरी बसून मध्यरात्री अमेरिकेतल्या चार अनोळखी लोकांबरोबर ऑनलाइन. कॅरेक्टर तेच, पैसे तेच, जादूची अंगठी तीच; बाकी सगळं बदललेलं. आरपीजीए ही खेळाडूंची संघटना १९८० ची. तिची लिव्हिंग सिटी ही मोहीम १९८७ मध्ये सुरू झाली, लिव्हिंग ग्रेहॉक २००० ते २००८ चालली, पाथफाइंडर या दुसऱ्या खेळाची पाथफाइंडर सोसायटी २००८ मध्ये आली आणि डंजन्स अँड ड्रॅगन्सची ॲडव्हेंचरर्स लीग २०१४ मध्ये. खेळाच्या आवृत्त्या बदलल्या, चालवणाऱ्या कंपन्या बदलल्या, पण कागद कुणालाच चुकला नाही. का चुकला नाही, हा प्रश्न कागदाला शिव्या देणारे क्वचितच विचारतात.

एक वस्तू जवळून बघू. पाथफाइंडरच्या पहिल्या आवृत्तीत अनुभवी खेळाडूची पहिली मोठी खरेदी जवळजवळ ठरलेली असायची: वँड ऑफ क्युअर लाइट वूंड्स, जखमा भरणारी जादूची कांडी. किंमत ७५० गोल्ड (खेळातली सोन्याची नाणी), नाहीतर सोसायटीच्या कामांतून मिळवलेले दोन प्रेस्टिज पॉइंट. तिच्यात ५० चार्ज, म्हणजे ती पन्नास वेळा वापरता येते. एक चार्ज वापरला की आठ बाजूंचा एक फासा अधिक एक, एवढी जखम भरते. म्हणजे एक चार्ज पंधरा गोल्डचा. लढाई संपली की क्लेरिक, म्हणजे जखमा भरणारा पुजारी, फासे टाकत सुटतो. "एक. दोन. अजून लागतंय? तीन. थांब, मलाही एक हवा. चार." त्या गडबडीत शीटवरच्या पन्नास बारक्या चौकटी कोण भरतं? ज्याच्या अंगात सवय मुरली आहे तो पेन्सिलीने खुणा करत जातो. बाकीचे म्हणतात, "नंतर लिहितो." तेवढ्यात जीएमने पुढच्या खोलीचं वर्णन सुरू केलेलं असतं, छतावरून काहीतरी थेंब थेंब गळत असतं आणि ते पाणी नसतं. चौकटी राहून जातात. तीन आठवड्यांनी दुसऱ्या टेबलावर, दुसऱ्या जीएमसमोर प्रश्न येतो, किती चार्ज उरलेत? उत्तर येतं, "असतील तीसेक."

हा माणूस चोर नाही. तो खोटंही बोलत नाहीये, त्याला खरोखरच तीसेक वाटतात. पण हे "तीसेक" चुकतं ते बहुतेक वेळा वरच्या बाजूला. अकरा असताना तीस आठवतात, तीस असताना अकरा आठवणारा विरळा. स्मरणशक्ती आपल्या सोयीकडे कलते, आणि टेबलावर बसलेल्या सहाही जणांची कलते. वादातल्या दोन्ही बाजू ज्या चोराबद्दल भांडतात तो माणूस एखाद्या कन्व्हेन्शनमध्ये एखादाच असतो. हा विसराळू मात्र प्रत्येक टेबलावर असतो, आणि यादी त्याच्यासाठी आहे.

आता विरोधकांचा सर्वात भक्कम मुद्दा घेऊ. ज्याला लबाडी करायचीच आहे तो यादीतही लबाडीच लिहील, आणि ती पकडणार कोण? मान्य. पहिल्या आवृत्तीच्या सोसायटीत एका साहसाला एक एक्सपी (अनुभवाचा गुण) आणि तीन एक्सपीला एक लेव्हल असा हिशेब होता, म्हणजे बाराव्या लेव्हलला पोचलेल्या कॅरेक्टरमागे ३३ क्रॉनिकल शीटांचा, प्रत्येक साहसानंतर मिळणाऱ्या नोंदपत्रांचा, गठ्ठा असायचा. सकाळचा स्लॉट, चार-पाच तासांचं साहस, समोर सहा खेळाडू. अशा वेळी जीएमने सहा गठ्ठे सोडून बेरीज-वजाबाकी तपासत बसावं ही अपेक्षा वेड्याची आहे. प्रत्यक्षात तो काहीच तपासत नाही. सक्ती आहे, तपासणी नाही. मग जाच कुणाला? जो नियम पाळतो त्याला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, असा हा युक्तिवाद.

ऐकायला चोख आहे, पण यादी नसलेल्या टेबलावर संन्याशाचं काय होतं ते पाहा. दोघांना आठवत नाही की मागच्या वेळी पोशन प्यायलं होतं की नाही. प्रामाणिक खेळाडू म्हणतो, "जाऊ दे, प्यायलोच असेन," आणि ५० गोल्डवर पाणी सोडतो. दुसरा छातीठोकपणे सांगतो, "आहे माझ्याकडे." दोघांपैकी कुणीही लबाड असायची गरज नाही, एक भिडस्त आहे, दुसरा धीट आहे, एवढंच. नोंद नसली की शंकेचा फायदा धीट माणसाला मिळतो आणि शंकेचा दंड भिडस्ताला बसतो. तेव्हा फाशीचीच भाषा करायची, तर ती यादीमुळे होते की यादी नसल्यामुळे? नोंद समोर असली की भिडस्तालाही मान वर करून सांगता येतं: हे बघा, सातव्या क्रॉनिकलला घेतलं, अजून खर्ची पडलेलं नाही.

क्रिकेटमध्ये हे आपण कधीच गैर मानत नाही. खेळाच्या नियमांमध्ये तिसरा नियमच स्कोअररांचा आहे: स्कोअरर दोन असायचे, आणि त्यांनी आपापल्या नोंदी वेळोवेळी एकमेकांशी ताडून पाहायच्या. का? अंपायर लबाड म्हणून? फलंदाज धावा चोरतो म्हणून? (चोरटी धाव हा वेगळा विषय.) गल्लीत स्कोअर तोंडीच चालतो, आणि "चौतीस की छत्तीस" यावरून पेटणारं भांडण हा त्या खेळाचाच एक भाग असतो. पण दोन अनोळखी संघ मैदानावर उतरले की वही उघडावी लागते, आणि वही उघडल्यावर आपला अपमान झाला असं म्हणून मैदान सोडून गेलेला एकही फलंदाज माझ्या ऐकिवात नाही. मग डंजनच्या दाराशी उभ्या असलेल्या फायटरलाच एवढा राग का यावा?

"माझ्या झोळीत काय आहे याच्याशी इतरांना काय करायचंय?" हा दुसरा नेहमीचा सूर. त्याला ॲडव्हेंचरर्स लीगच्या सुरुवातीच्या वर्षांतला एकच नियम उत्तर म्हणून पुरेसा आहे. साहसात कायमस्वरूपी जादूची एखादी वस्तू सापडायची, समजा एक ढाल. टेबलावर ती तिघांना हवी. मग ती कुणाची? ज्याच्याजवळ अशा वस्तू सर्वात कमी, त्याची. बरोबरी झाली तर फाशांनी निकाल. म्हणजे माझ्या लॉगशीटवरची एक ओळ तुमच्या हाती ढाल येणार की नाही हे ठरवायची. एखादी अंगठी लिहायची मी विसरलो, तर नुकसान माझं नाही, समोरच्या पोरीचं. ती पहिल्यांदाच खेळायला आलेली असेल, आणि आपण ढाल हरलो ती कुणाच्या तरी विसरण्यामुळे, हे तिला कधी कळणारही नाही. ज्या क्षणी वाटणी आली त्या क्षणी झोळी खाजगी राहत नाही.

वाटणी आणि यादी यांचं नातं फासे खेळणाऱ्यांनी शोधून काढलेलं नाही. सभासद बखरीत शिवाजी महाराजांच्या लष्कराची शिस्त सांगितली आहे. पावसाळा छावणीत काढून लष्कर दसऱ्याला मुलूखगिरीला निघायचं, त्या वेळी लहानथोर सगळ्यांजवळच्या जिनसांची यादी व्हायची. आठ महिने परमुलखात काढून लष्कर परतलं की झाडा घेतला जायचा आणि निघतानाच्या यादीशी ताळा पाहिला जायचा. जादा निघेल त्याचा हिशेब ज्याच्या त्याच्या पगाराशी लावला जायचा. याला सैनिकांवरचा अविश्वास म्हणायचं का? थोडा असेलही, लूट ही सरकारी जमा होती आणि हातातली वस्तू कमरेला खोचायला वेळ लागत नाही. पण हीच यादी उलटीकडून वाचून पाहा. एखाद्या शिलेदाराच्या हातात घरून आणलेलं सोन्याचं कडं आहे. परतल्यावर कुणी बोट दाखवलं, "हे लुटीतलं," तर त्याच्या बाजूने बोलणार कोण? शेजारचा स्वार? तो कदाचित परत आलेलाच नसेल. बोलते ती दसऱ्याला लिहिलेली ओळ. ती यादी माणसाच्या विरोधात जितकी होती, तितकीच त्याच्या बाजूनेही होती. अर्थात तिथे दौलतीचा प्रश्न होता, इथे रविवारच्या करमणुकीचा आहे, त्यामुळे ही तुलना मी फार ताणणार नाही. झाडा घेणारा अंमलदार आपल्या टेबलावर नको. निघताना लिहिलेली ओळ मात्र हवी.

आणि आता ज्या ठिकाणी यादीवाल्यांची बाजू मला लंगडी वाटते तिथे येतो. दिवसभर ऑफिसात एक्सेल भरून आलेल्या माणसाला संध्याकाळी ड्रॅगन मारायला बोलवायचं आणि पुन्हा एक्सेलसमोर बसवायचं, यात काय मजा? हा प्रश्न आळशी माणसाचा नाही. नवा खेळाडू पहिल्या साहसातून डोळे चमकवत बाहेर येतो, आणि त्याच्या हातात आपण काय ठेवतो? एक क्रॉनिकल शीट, त्यावर सुरुवातीचं सोनं, मिळालेलं सोनं, खर्च, शिल्लक; मग तीच खरेदी पुन्हा दुसऱ्या कागदावर. पुढच्या स्लॉटचे लोक खुर्च्यांमागे येऊन उभे राहिलेले, जीएम घाईघाईने सह्या ठोकतोय, आणि नवा पोरगा विचारतोय, "हे डाऊनटाइम काय असतं?" त्या दहा मिनिटांत मोहिमेने खेळाडू गमावला तर दोष खेळाडूचा नाही.

कागद फुगतो कसा हेही पाहण्यासारखं आहे. लिव्हिंग ग्रेहॉकमध्ये प्रत्येक कॅरेक्टरला वर्षाला ५२ टाइम युनिट मिळायची. आपल्या प्रदेशातलं साहस खेळलं तर एक खर्च, बाहेरच्या प्रदेशातलं खेळलं तर दोन. काल्पनिक माणसाचं काल्पनिक वर्ष, आणि त्याची रजा-नोंद खऱ्या माणसाने ठेवायची! यामागे गायगॅक्सचीच परंपरा होती. काळाची काटेकोर नोंद ठेवल्याशिवाय मोहिमेला अर्थ नाही, असं त्याने १९७९ च्या नियमपुस्तकात ठणकावून लिहिलं होतं, आणि ओझं मोजायला नाण्यांचं माप वापरलं होतं, दहा नाणी म्हणजे एक पौंड. पण त्याच्यासमोर एकाच जगात खेळणारे बरेच गट होते. कोण कुठल्या दिवशी कुठे आहे हे माहीत नसेल तर एकाने लुटलेली गुहा दुसरा पुन्हा लुटणार. म्हणजे त्या नोंदीला काम होतं. काम संपलं तरी रकाना उरतो, हा मात्र सगळ्या दफ्तरांचा स्वभाव. रकाना घालायला एक सभा पुरते, काढायला पिढी जाते.

पाथफाइंडर सोसायटीने २०१३ मध्ये इन्व्हेंटरी ट्रॅकिंग शीट सक्तीची केली, तेव्हा एक शहाणपण दाखवलं होतं: २५ गोल्डपेक्षा महाग तेवढंच लिहायचं. मशाल, दोरखंड, बाणांचा भाता, २० गोल्डचा अल्केमिस्ट्स फायर, हे सगळं यादीबाहेर. नियम लिहिणाऱ्यांना कळलं होतं ते टेबलावरच्या काही उत्साही मंडळींना मात्र कळत नाही. "दोरखंड कुठे लिहिलाय?" असं विचारून कड्यावरून लोंबकळणाऱ्या 'रोग'चा (चोरपावली कॅरेक्टरचा) जीव घेणारा जीएम यादीचं जेवढं नुकसान करतो तेवढं तिचे शत्रू करू शकत नाहीत. माझं म्हणणं विचाराल तर मी आणखी पुढे जाईन. जे एका टेबलावरून दुसऱ्यावर जातं, आणि ज्याच्यामुळे दुसऱ्याच्या खेळावर परिणाम होतो, तेवढंच लिहावं: कायमच्या जादूच्या वस्तू, चार्ज असलेल्या वस्तू, महागडी पोशनं आणि स्क्रोल (मंत्र लिहिलेल्या गुंडाळ्या), आणि सोन्याची शिल्लक. तेही एकाच जागी. एकच खरेदी दोन कागदांवर लिहायला लावणारा नियम दुसऱ्या कागदावरच्या चुका मोजायलाच जणू केलेला असतो.

"मग सगळंच काढून टाका ना," असं म्हणणाऱ्यांनी २०१८ आठवावं. त्या वर्षी ॲडव्हेंचरर्स लीगने आठव्या सीझनला मोठी साफसफाई केली. एक्सपी गेले, खेळलेल्या तासांप्रमाणे मिळणारे चेकपॉइंट आले. साहसात सापडलेलं सोनं कॅरेक्टरच्या खिशात जाईनासं झालं. जादूची वस्तू सापडली की ती सगळ्या टेबलासाठी अनलॉक व्हायची, आणि ज्याला हवी त्याने पुढे कधीतरी आपले ट्रेझर चेकपॉइंट मोजून ती घ्यायची. ढाल कुणाची, हे भांडण मिटलं. पण त्याबरोबर दुसरंही काहीतरी मिटलं. पाच तास जिवावर उदार होऊन पेटी उघडायची, आत सोनं चमकतंय, आणि ते तुमचं नाही! लुटीशिवाय डंजन म्हणजे नुसती ओलसर तळघरं. बरं, लिहिणं तरी कमी झालं का? ॲडव्हान्समेंटचे चेकपॉइंट वेगळे, ट्रेझरचे वेगळे, कुठल्या टियरचे (लेव्हलच्या टप्प्याचे) किती, काय अनलॉक झालंय, काय विकत घेतलंय. एक जमाखर्च दारातून बाहेर गेला आणि दुसरा खिडकीतून आत आला. खेळाडू इतके वैतागले की पुढच्याच वर्षी चेकपॉइंट गेले आणि सोनं परत आलं.

पुढच्या वर्षीच्या त्या बदलात मात्र एक गोष्ट अशी आली जी मला या सगळ्या इतिहासातली सर्वात शहाणी सुधारणा वाटते. जादूच्या वस्तूंवर टियरप्रमाणे मर्यादा: पहिल्या टियरला एक, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला सहा, चौथ्याला दहा. तीन वस्तू कुणालाही तोंडपाठ राहतात. मर्यादा घातली की यादीचं अर्धं काम मर्यादाच करते. मग हाच तोडगा पाथफाइंडरने का उचलला नाही?

कारण दोन्ही खेळांचं गणित वेगळं आहे, आणि हा मुद्दा या वादात जवळजवळ कुणीच मांडत नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत जादूच्या वस्तू हा बोनस आहे. कॅरेक्टरजवळ काहीच नसलं तरी राक्षसांची काठिण्यपातळी बिघडत नाही, आणि शक्तिशाली वस्तू एका वेळी फक्त तीनच अट्यून करता, म्हणजे स्वतःशी जोडून घेता, येतात. पाथफाइंडरच्या पहिल्या आवृत्तीत उलट आहे. तिथे वस्तू म्हणजे कॅरेक्टरचे हातपाय. पाचव्या लेव्हलला साधारण १०,५०० गोल्डचा ऐवज, दहाव्याला ६२,००० चा, हे नियमपुस्तकातल्या तक्त्यातच गृहीत धरलेलं आहे, आणि समोरचा शत्रू त्या हिशेबाने तोललेला आहे. शस्त्रावरच्या जादूची किंमत +१ ला २,००० गोल्ड, +२ ला ८,०००, +३ ला १८,०००. आकडा एकाने वाढला की किंमत वर्गाच्या पटीत उडी मारते. अशा खेळात कुणी चुकून ६,००० गोल्ड जास्त खर्च केले असतील, तर टेबलावर लेव्हलपेक्षा ताकदवान माणूस बसलेला असतो. लढाया तो एकटा संपवतो, उरलेले पाच जण फोन बघतात. तेव्हा "यादी हवी की नको" असा सरसकट प्रश्नच चुकीचा. या खेळाच्या गणितात वस्तूचं वजन किती, हे आधी विचारा, आणि तितकाच कागद ठेवा. पाचव्या आवृत्तीच्या टेबलावर पाथफाइंडरची शीट मागणं हा जाच आहे. पाथफाइंडरच्या टेबलावर पाचव्या आवृत्तीची ढिलाई मागणं म्हणजे टेबलावरच्या इतरांकडून उधार घेणं आहे, तेही न विचारता.

"ॲप आहे ना, कागद कशाला?" हे अलीकडचं उत्तर. अर्धं बरोबर आहे. बेरीज-वजाबाकी यंत्राने करावी याबद्दल वाद नाही. मी स्वतः सगळं स्प्रेडशीटमध्ये ठेवतो आणि कन्व्हेन्शनला निघताना एक प्रत छापून घेतो, कारण हजारो माणसं कोंबलेल्या हॉलमध्ये नेटवर्क सर्वात आधी मरतं. पण ॲपने यादी नाहीशी होत नाही, ती फक्त खिशात जाते. चार्ज वापरला तेव्हा बोट लावायला हवंच, आणि जो पेन्सिल उचलत नव्हता तो फोन उचलेलच असं नाही. उचलला तर मेसेज बघत बसेल.

यापेक्षा मला लिव्हिंग सिटीच्या काळातली पद्धत विचार करायला लावते. तेव्हा जादूच्या वस्तूचं सर्टिफिकेट मिळायचं, छापील, हातात धरता येईल असं. जवळ कागद असेल तर वस्तू तुमची. देवघेव करायची तर कागदच हातातून हातात जायचा. हिशेब ठेवायचा प्रश्नच नाही; शंभराच्या नोटेचा हिशेब नोटेवर लिहावा लागत नाही, तसं. वर सुंदर चित्र, मित्रांना दाखवायला गंमत. आजही यादीचे विरोधक या सर्टिफिकेटांची आठवण काढून उसासे टाकतात. पण नोटेचे दोष त्यालाही होतेच. कागद हरवला की तलवार गेली, मग ती तुम्ही कितीही प्रामाणिकपणे मिळवलेली असो. झेरॉक्स मशीन कोपऱ्यावर आहेच. आणि ज्याचे मित्र जास्त, प्रवासाला पैसे जास्त, त्याच्याकडे चांगले कागद जमणार. लिव्हिंग ग्रेहॉकने पुढे प्रत्येक साहसामागे ॲडव्हेंचर रेकॉर्ड दिला, त्यात कुठल्या वस्तू विकत घेण्याचा हक्क मिळाला ते लिहिलेलं असायचं. नोटेकडून खतावणीकडे झालेला हा प्रवास कुणा कारकुनाच्या हौसेने झाला नाही; नोटेने जे प्रश्न उभे केले त्यांतून झाला. ज्यांना यादी नको त्यांनी या दोहोंतलं काय हवं ते सांगावं. दोन्ही नको, आणि कॅरेक्टर मात्र गावोगाव फिरायला हवं, असं चालत नाही.

उरला एकच व्यावहारिक प्रश्न, आणि त्यावरच टेबलं तुटतात. खेळाडू आला, कॅरेक्टर शीट आहे, यादी घरी राहिली. काय करायचं? कडक मंडळी म्हणतात, मोहिमेचं तयार कॅरेक्टर द्या, किरा नाहीतर व्हॅलेरोस, आणि बसवा. सैल मंडळी म्हणतात, शब्दावर विश्वास ठेवा. मला दोन्ही पटत नाही. दीड तास लोकल बदलून किंवा रात्रभर गाडी चालवून आलेल्या माणसाच्या हातात अनोळखी किरा देणं दुष्टपणाचं आहे, आणि शब्दावर सोडलं तर पुन्हा "असतील तीसेक". मी जीएम असेन तर म्हणेन, तुझंच कॅरेक्टर घे. अंगावरचं चिलखत, हातातलं शस्त्र, गळ्यातला ताईत, जे रोज वापरतोस आणि आकड्यांसकट कॅरेक्टर शीटवर चढलेलं आहे ते सगळं तुझं. जे मोजून संपतं ते आजच्यापुरतं शून्य: वँड रिकामी, पोशनं नाहीत, स्क्रोल नाहीत. घरी गेल्यावर यादीतलं जसंच्या तसं आहे, आज त्यातलं काही खर्च झालेलं नाही, त्यामुळे तुझं गेलं काहीच नाही. क्लेरिककडे वँड असेल तर त्याला विचार, तो देईल का बघ. देईल बहुतेक, पण आधी तो आपल्या चौकटी मोजेल.